कापूर सोडला, रखमे

मु. बदलापूर गाव, मारुतीच्या देवळामागं

माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि रुसण्यात माझ्याहून शंभर वर्षांनी मोठी, अशी माझी पाठची बहीण व धाकटी जाऊ रखमा हिला वेणूबायचा आशीर्वाद. तुझी सून सोनिया हे वाचून दाखवत असेल, तिलाही आशीर्वाद. तिनं सावकाश आणि मोठ्यानं वाचावं, कारण तुला ऐकू कमी येतं आणि जे येतं ते उलटं येतं. इकडं सगळी खुशाल. तिकडची खुशाली कळत नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. तुझे गुडघे कसे आहेत? कानात केसाची पिन घालायची बंद केलीस का? आणि कुंडीतल्या तुळशीला तुमच्या त्या चौथ्या मजल्यावर ऊन लागतं का, की तीही तुझ्यासारखी तोंड फिरवून बसलीय?

तुमची खरवई इथून शेअर रिक्षानं वीस मिनिटांवर, आणि तेवढ्यासाठी पत्र कशाला, असं किर्तीचं म्हणणं. (किर्ती म्हणजे माझ्या महेशची मुलगी, हे मी सोनियासाठी नाही, पोस्टमननं उघडून वाचलं तर त्याच्यासाठी सांगते. हे पत्र तीच लिहिते आहे. आपण दोघींनी शाळेचा उंबरा ओलांडला तो फक्त मत द्यायला.) ती म्हणत होती, मोबाईलमध्ये बोल, मी आवाज पाठवते. मी म्हटलं, रखमी तो मध्येच बंद करील. कागद मध्येच बंद होत नाही. फाडला तरी तुकडे उचलताना चार शब्द वाचले जातातच.

तर पहिली गोष्ट. तुझ्या नातवाच्या, प्रज्वलच्या साखरपुड्यात मी डोळे वटारले नव्हते. तू भर हॉलमध्ये, मुलीकडची पन्नास माणसं बसलेली असताना, म्हणालीस, "बाय, मघापासून डोळे काय वटारतेस? पोरगी पसंत नसेल तर तोंडानं सांग!" त्यावर त्या प्रीतीच्या आईचा चेहरा उतरला, आणि मी तिला धीर द्यावा म्हणून तिच्याकडं प्रेमानं पाहिलं, तर ती रडायलाच लागली. माझ्या प्रेमानं पाहण्यात काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं गं. मग प्रीतीला पेढा भरवायला मी उठले आणि तो तिच्या कानात घातला, त्याला तू अपमान म्हणालीस. अगं, मला दोन प्रीती दिसत होत्या! एकीला लागून एक अशा शेजारी शेजारी बसलेल्या. मी त्यातली जी जरा हसरी वाटली तिला भरवायला गेले, ती नेमकी खोटी निघाली. खऱ्या प्रीतीनं कानातला पेढा काढून खाल्ला आणि पाया पडली, तेव्हाच मी ठरवलं की पोरगी सोन्यासारखी आहे. हे तुला सांगायला वळले तर तू पाठ करून जेवणाच्या पंगतीकडं निघाली होतीस. (पाठीही दोनच दिसल्या. दोन्ही रागावलेल्या.)

आता माझं काय झालं होतं ते ऐक. त्याच्या आधी दोनेक महिने मला कारण नसताना धडधडायचं, हात थरथरायचे, पंख्याखाली बसून घाम यायचा आणि पोलकी सैल व्हायला लागली होती. आळीतल्या बायका म्हणायच्या, वेणूबाई, कशानं बारीक झालात, आम्हालाही सांगा. मी म्हणायचे, सुनेच्या हातचं खाऊन. (सून आत भांडी आपटायची, तिला माझा विनोद कळतो.) मग हळूहळू डोळे. आधी सकाळी सुजलेले, लाल, पाणी गळणारे, आत वाळू गेल्यासारखे. मग वरच्या पापण्या जरा जरा वर चढायला लागल्या, शटर अर्धवट अडकावं तशा. आरशात पाहिलं तर मलाच माझी भीती वाटली आणि मी पटकन म्हटलं, चुकलं हो.

पण खोटं कशाला सांगू, चार दिवस मजाही आली. भाजीवाला न सांगता कोथिंबिरीची जुडी वर टाकायला लागला. महेश, जो माझं एक ऐकत नाही, तो खोलीत येऊन आपणहून म्हणाला, "आई, पंख्याचं काम उद्या करतो, अशी बघू नकोस." मी काही बोललेच नव्हते, मी तर पंख्याकडंही पाहात नव्हते. दुपारी पडले तर पापण्या मिटायच्या नाहीत. मी घोरत होते आणि हा बाजूला बसून अर्धा तास मला ऑफिसातल्या साहेबाचं गाऱ्हाणं सांगत होता. उठल्यावर म्हणतो, "आई, तू आज पहिल्यांदा सगळं शांतपणे ऐकून घेतलंस." मी जागी नव्हते हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. (किर्ती, तूही सांगू नकोस.)

मग मजा संपली. तुला माहीत आहे, आळीतलं कुणाचंही मूल किरकिर करायला लागलं की दृष्ट काढायला माझ्याकडंच आणतात. चाळीस वर्षं मी मीठ-मोहऱ्या ओवाळतेय. तर शेजारच्या संजीवनीचं बाळ दोन दिवस रडत होतं, तिनं ते आणलं, मी मूठ भरली, बाळाकडं पाहिलं, आणि बाळ जे किंचाळलं ते देवळापर्यंत ऐकू गेलं. संजीवनी बिचारी हसून बाळ घेऊन गेली. पण दुसऱ्या दिवशी ती बाळाची दृष्ट काढायला पलीकडच्या आळीत गेली, आणि जाताना बाळाचं तोंड पदरानं झाकून माझ्या दारावरून गेली. रखमे, दृष्ट काढणारीचीच दृष्ट लागते म्हणायला लागले लोक. तेव्हा मात्र मी दार लावून बसले. तेव्हा तू शनिवारी यायचीस तशी आली असतीस, तर मी दार उघडलं असतं.

किर्तीनं उपाय काढला. उल्हासनगरला नेऊन मला काळा चष्मा घेतला. तो दुकानदार सिंधी, गोड बोलणारा, मी घातला की टाळी वाजवून म्हणाला, "अम्मा, डाढो सुठो! बहुत अच्छा! बीस साल कम हो गया!" मी विचारलं, बीस साल माझे कमी झाले की चष्म्याची गॅरंटी? तो चष्मा घालून मी देवळात गेले तर गुरवानं मला वाट करून दिली आणि दोन तरण्या पोरांनी उगाचच सलाम केला. चष्म्यानं डोळे झाकले, पण देव दोन दिसायचे ते दोनच राहिले. मारुती दोन म्हणजे शेपट्या दोन. प्रदक्षिणा कुणाला घालायची कळेना, तेव्हा किर्तीनं हात धरला आणि म्हणाली, आता चष्म्याचं दुकान नको, डॉक्टर.

अंबरनाथला रक्त दिलं. गळ्यातली जी थायरॉइडची गाठ, ती नको इतकं काम करतेय असं निघालं. म्हणजे या वयात माझ्या अंगात ओव्हरटाइम करणारं कुणीतरी आहे. मग डोळ्यांची डॉक्टरीण उल्हासनगरची. नाव जिज्ञासा, मग काय विचारतेस? प्रश्नावर प्रश्न. डोळे हलवताना दुखतं का, खाली बघताना दोन दिसतात की बाजूला, घरात कुणाला थायरॉइड होता का? डोळा किती बाहेर आलाय ते मोजायची पट्टी असते तिच्याकडं. सरकारी मोजणीवाला शेताची हद्द दाखवतो तसं तिनं दोन्ही डोळ्यांचं अतिक्रमण मोजून कागदावर लिहिलं.

हे कशानं होतं, हे तिनं मला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा मला कळलं ते तुमच्या सोसायटीच्या वॉचमनमुळं. तो सदू आठव. मी दर वेळी आले की मला अडवून वहीत अंगठा घेतो, आणि चोर तुमच्या जिन्यातली सायकल घेऊन गेला त्याला गेट उघडून दिलं. तसंच अंगात आहे. रोगाशी लढायला देवानं आत वॉचमन ठेवलेत. त्यांचं डोकं फिरलं की ते घरच्याच माणसांना धरतात. आधी गळ्यातल्या गाठीला धरलं, तिला इतकं डिवचलं की ती पळत सुटली. आणि गाठीच्या दारावर जी कडी, तसलीच कडी डोळ्यामागच्या मांसावर असते म्हणे. वॉचमन तिथंही जाऊन खडखडावतात. त्यानं मागचं मांस आणि चरबी सुजते. आता डोळ्याची खोबण हाडाची, ती काही फुगत नाही. मग डोळा जाणार कुठं? तू हरिचंद्रची शेअर रिक्षा बघितलीस ना? मागं माणसं वाढली, पुढं चौथी सीट बसली, की हरिचंद्र स्वतः अर्धा रस्त्यावर लोंबकळत रिक्षा चालवतो. माझे दोन्ही डोळे म्हणजे दोन हरिचंद्र. आणि डोळे फिरवणाऱ्या दोऱ्या सुजल्या की दोन्ही डोळे एका दिशेला बघत नाहीत, म्हणून दोन प्रीती.

मी विचारलं, मी कुणाचं वाईट चिंतलं म्हणून का? ती म्हणाली, आजी, यात पाप नाही, शाप नाही, दृष्ट तर नाहीच नाही. हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि किर्तीला म्हटलं, संजीवनीला सांग.

मग तिनं तो प्रश्न विचारला. सिगारेट, बिडी, तंबाखू? किर्ती बाजूलाच बसलेली. मी म्हटलं, छे, छे. संध्याकाळी तुळशीमागं कापूर लावते तेवढाच, आणि शनिवारी बहीण आली की दोघी मिळून. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या बोटांकडं पाहिलं, आणि किर्तीला खाली औषधाच्या दुकानात थेंब आणायला पाठवलं. मग दार ओढून हळूच म्हणाली, "आजी, कापूर दिवसाला किती?" मी म्हटलं, चार. तिनं पुन्हा माझ्या बोटांकडं पाहिलं. मी म्हटलं, सहा. (किर्ती इथं लिहायची थांबली. विचारते, कापूर कसला मोजायचा? मी म्हटलं, तू शिकलेली आहेस, लिही.) रखमे, तू समजून घे. आपल्या सासूबाई मरेपर्यंत सांगत राहिल्या की माझ्या दोन्ही सुनांएवढी भक्ती गावात नाही, रोज न चुकता कापूर लावतात, धूर माळ्यापर्यंत येतो. तर डॉक्टरीणबाई म्हणाली, या दुखण्याला दुसरं काही एवढं भडकवत नाही जेवढा हा धूर. थायरॉइडवाल्या माणसानं धूर घेतला की डोळ्यांवर उतरायची भीती कितीतरी वाढते, उतरलं तर जास्त चिघळतं, आणि वर औषधं दिली तर नीट लागू पडत नाहीत. "मी एका बाजूनं आग विझवणार आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं कापूर टाकणार, असं नाही चालणार." तिला सगळं कळलं होतं, पण शब्द तिनं आपलाच वापरला. गुणाची पोर.

उपचार म्हणशील, तर भाजीबाजारासारखे आहेत. स्वस्त-महाग, ताजे, आणि अजून शेतातच असलेले. गाठीला आवरायची गोळी रोज. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब, झोपताना पापणीला पट्टी आणि डोक्याखाली दोन उशा. दुखणं हलकं असतं तर सेलेनियम नावाची गोळी देऊन भागलं असतं म्हणे. माझं हलकं नव्हतं. म्हणून आठवड्यातून एकदा सलाईनमधून स्टिरॉइड, असे बारा आठवडे, आणि दर वेळी साखर नि बीपी बघायचं. पाच झाले, सात राहिले. खुर्चीत बसवून सुई लावतात आणि मी शेजारच्या खुर्चीतल्या बायकांना आपल्या गावच्या गोष्टी सांगते. नर्स म्हणते, आजी येतात त्या दिवशी सगळ्यांचं बीपी वाढतं.

ताजा माल म्हणजे परदेशातलं एक नवं औषध. ते नेमकं त्या डोळ्यामागच्या कडीवर जाऊन बसतं, की वॉचमन कितीही आला तरी दार वाजत नाही. त्यानं बाहेर आलेले डोळे पुष्कळ मागं जातात. पण ते इथं सहज मिळत नाही, किंमत ऐकून महेश उभा होता तो बसला, आणि त्यानं काही जणांची साखर वाढते नि काहींचं ऐकणं कमी होतं. मी विचारलं, हे औषध आमची रखमी वीस वर्षं चोरून घेतेय की काय? अजून शेतात असलेले म्हणजे घरी पोटाला टोचायची इंजेक्शनं, आणि रक्तातले ते बिघडलेले वॉचमन झाडून काढणारी औषधं. त्यांच्या परीक्षा चालल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाली, किर्तीच्या वयाच्या मुलींना हे दुखणं झालं तर त्यांच्या हाताशी पुष्कळ काही असेल. मी म्हटलं, तिला न झालेलं बरं.

आणि सगळ्यात शेवटी ऑपरेशन. तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी भिंत पाडून गॅलरी आत घेतली ना, तसंच. खोबणीचं हाड थोडं काढायचं, डोळ्याला मागं सरकायला जागा करायची. पण ते आग पूर्ण निवल्यावर. वर्ष, दीड वर्ष. मात्र मागची नस चेपायला लागली तर थांबायचं नाही, नाहीतर नजर जाते. त्याची खूण तिनं मला दिलीय. रोज एकेक डोळा झाकून एखादी लालभडक वस्तू बघायची. लाल फिका दिसला की त्याच दिवशी धावत यायचं. मला लाल अजून भडकच दिसतोय. लाली उतरलीय, आणि समोर बघताना एकच माणूस दिसतं, कोपऱ्यात बघताना अजून दोन. डोळे पहिल्यासारखे होतील असं ती कबूल करत नाही. मी म्हटलं, पहिल्यासारखं काय राहिलंय, तूच सांग.

एवढंच. प्रज्वलच्या लग्नाला मला बोलाव वा बोलावू नकोस. बोलावलंस तर काळा चष्मा घालून कोपऱ्यात बसेन, पेढ्याला हात लावणार नाही. सोनियाला, प्रज्वलला, होणाऱ्या नातसुनेला प्रीतीला आशीर्वाद. तिच्या आईला सांग, मी प्रेमानंच पाहिलं होतं.

तुझी थोरली,
वेणूबाय

ता. क. तू मागं वाळत टाकून विसरलेलं तांबडं लुगडं माझ्याकडं आहे. परत मागू नकोस. रोज सकाळी दोरीवर टाकते आणि एकेक डोळा झाकून बघते. मिरच्या आहेत, जास्वंद आहे, पण मला त्याच तांबड्याची सवय झालीय.

ता. क. दुसरा. हे खरं पत्र, वरचं नुसतं बोलणं होतं. डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागितले होते, डोळे कधीपासून बदलले ते बघायला. किर्तीनं मोबाईलमधला साखरपुड्याचा फोटो दाखवला. आपण दोघी शेजारी बसलोय तो. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरून बोट सरकवलं, तुझ्यावर ठेवलं आणि फोटो मोठा केला. "या कोण?" मी म्हटलं, माझी बहीण, रागावलीय. ती म्हणाली, "रागावल्या नाहीत. डावा डोळा बघा, बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय." रखमे, मला वाटत होतं तू माझ्याकडं डोळे वटारतेयस! पन्नास माणसं माझे डोळे बघत बसली, तुझा कुणी बघितला नाही, मीसुद्धा नाही. हे लागणीचं नाही, पण घराण्यात येऊ शकतं, बहिणीला तर येऊ शकतंच, आणि तुझं आत्ता सुरुवातीला आहे. तुलाही धडधडतं ना? सोनिया, खरं सांग, ही पंख्याखाली घामाघूम होते का? गुरुवारी दहा वाजता हिच्या नावानं नंबर लावलाय. हरिचंद्रची रिक्षा सांगितलीय, आणि त्याला बजावलंय की चौथी सीट घ्यायची नाही. रुसवा असेल तर तोंड बाहेरच्या बाजूला करून बस, पण बस. आणि कापूर आजपासून बंद. लग्नाआधी एकच, असलं काही नाही. आजपासून.

(रखमाआजी, मी किर्ती. आजीनं सांगितलं ते सगळं जसंच्या तसं लिहिलंय. फक्त एक गोष्ट. कापराची थोटकं उरत नाहीत. मी सहावीत असताना तुळशीमागच्या डब्यात सत्तावीस मोजली होती. तेव्हा वाटलं पूजेची काहीतरी पद्धत असेल. नंतर कळलं, पण शनिवारी तुम्ही दोघी तिथं बसून इतक्या हसायच्या की सांगावंसं वाटलं नाही. आता मात्र प्लीज सोड. सोनियाकाकू, हे वाचायचं की गाळायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हालाही माहीत असणारच. आजीला मी हे वाचून दाखवणार नाहीये.)

ता. क. तिसरा. किर्ती मघापासून पानाच्या खाली काहीतरी खरडतेय. विचारलं तर म्हणते, अक्षर सुधारतेय. सुधारू दे. सहीच्या जागी उजव्या हाताचा अंगठा केलाय, तोच, ज्यानं आपण कापूर धरायचो. कागद नाकाशी ने आणि हुंगून बघ. नुसती शाई आहे ना? सोडून एकोणचाळीस दिवस झाले. उत्तर पाठवशील तेव्हा तूही अंगठाच करशील, दुसरं येतंय काय तुला? तो आला की मीही आधी वाचायला देणार नाही, आधी हुंगणार आहे.